मासा कशाने बिचकतो?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात नद्या पुष्कळ आहेत. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. ती गंगापूरच्या धरणात अडते, नाशिक शहरातून पुढे निफाडकडे जाते. वाटेत तिला दारणा मिळते, पुढे कादवा मिळते. दारणेवरचे धरण १९१६ साली पुरे झाले, गंगापूरचे १९६५ साली. धरणे झाली, पाणी वाढले, आणि काठाकाठाने गळ टाकून बसणारी माणसेही वाढली.

असाच एक बाप मुलाला घेऊन नदीवर जातो. हातात काठी, दोरा, गळ. डब्यात ओल्या मातीत गांडुळे. दोन तास जातात. काही लागत नाही. पोरगा आठ-नऊ वर्षांचा. त्याला किती वेळ गप्प बसवणार? तो म्हणतो, "बाबा, तो बघा खंड्या!" बाप खेकसतो, "गप बस! तुझ्या बडबडीनं मासा पळाला." कधी कधी पाठीत एक धपाटाही बसतो. दुसऱ्या दिवशी पोरगा नदीवर यायला तयार होत नाही.

आता खरे काय झाले ते पाहा. दोन तासांपूर्वी हाच बाप वरच्या खडकावरून काठावर धपकन उडी मारून उतरला होता. मग पाण्याच्या अगदी कडेला उभा राहिला. अंगात पांढरा सदरा, पाठीशी ऊन, सावली थेट डोहावर. मासे तेव्हाच खोल पाण्यात गेले. पोराच्या बोलण्याचा त्यात काही दोष नव्हता. मार मात्र त्याला बसला.

असे का होते, ते समजून घ्यायचे तर मासा कसा ऐकतो आणि कसा पाहतो, हे कळायला हवे.

माशाला कान आहेत का? बाहेरून दिसत नाहीत, पण आहेत. ते डोक्याच्या आत असतात. शिवाय रोहू, कटला, मृगळ, महासीर, शिंगाळा या माशांना आणखी एक सोय आहे. मासा चिरताना त्याच्या पोटात पांढरी फुग्यासारखी पिशवी निघते. ती तुम्ही पाहिली असेल. ती हवेची पिशवी. तिच्यामुळे मासा पाण्यात हवा तेवढा वर-खाली राहू शकतो. पाण्यातून आवाज आला की ही पिशवी संबळीच्या कातड्यासारखी थरथरते. पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. तिच्यातून ती थरथर कानात पोचते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ही हाडे १८२० साली दाखवून दिली. म्हणजे या माशांचे कान चांगलेच तिखट आहेत.

मग पोराचे बोलणे त्यांना ऐकू का जात नाही? कारण ते पाण्यात शिरतच नाही. हवेतला आवाज पाण्यावर पडला की चेंडू भिंतीवर आपटावा तसा परत फिरतो. हजार भागांतला जेमतेम एक भाग आत जातो. उलट पाण्यातल्या पाण्यात झालेला आवाज फार जोरात धावतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे चौपटीहून जास्त.

खोटे वाटत असेल तर करून पाहा. कमरेइतक्या साचलेल्या पाण्यात दोघे जण उभे राहा. एकाने डोके पाण्यात बुडवावे. दुसऱ्याने वरून मोठ्याने हाक मारावी. बुडालेल्याला ती हाक पुसटच लागेल. आता दुसऱ्याने पाण्याखाली दोन गोटे एकमेकांवर हळूच आपटावे. ठण्णकन कानात बसेल. पोहणाऱ्या पोरांना हा खेळ ठाऊक असतो. त्यातले शास्त्र तेवढे कुणी सांगितलेले नसते.

हवेतून आवाज शिरत नाही, पण जमिनीतून शिरतो. शेजारच्या घरात उखळात मुसळ पडले की आपल्या फळीवरची भांडी किणकिणतात. मुसळाचा हादरा जमिनीतून आपल्या भिंतीत येतो. नदीकाठी तसेच होते. टाच जोरात पडली, दगड गडगडला, कुदळीने माती उकरली, तर तो हादरा काठाच्या जमिनीतून पाण्यात उतरतो. काळा खडक असला तर फारच चांगला उतरतो. आपल्या भागात नदीचे काठ बहुतेक काळ्या खडकाचेच आहेत. म्हणून गांडुळे घरून आणावीत किंवा काठापासून लांब उकरावीत. पायात नालाचे जोडे असतील तर काढून ठेवावेत. अनवाणी, पाऊल टेकवत टेकवत जावे. मांजर उंदरावर जाते तसे.

धरणाच्या पाण्यात होडीतून गळ टाकणाऱ्यांनी तर अधिक जपले पाहिजे. होडीची फळी पाण्याला चिकटलेली असते. तिच्यावर डबा आपटला की पाण्याखाली नगारा वाजल्यासारखे होते.

येथे कुणी विचारील, "गुरुजी, घाटावर बायका रोज धुणे आपटतात. तरी मासे तिथेच फिरतात. ते कसे?" प्रश्न चांगला आहे. मासा आवाजाला भीत नाही. नव्या आणि अचानक आवाजाला भितो. धुण्याचा आवाज रोजचा आहे. त्यातून आजवर त्याचे काही वाईट झालेले नाही. उलट घाटावर भाकरीचा चुरा, भाताची शिते मिळतात. मग तो कशाला पळेल? रस्त्याकडेला बांधलेली गाय मोटारीला बुजत नाही, आणि रानातली गाय शेपूट वर करून पळते, तसेच हे आहे.

याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच पाहायला मिळते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण गावी काळ नदीचा डोह आहे. त्याला वाळणकोंड म्हणतात. ते वरदायिनी देवीचे ठिकाण. तेथले मासे देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणा नदीच्या काठी महादेवाचे देऊळ आहे. तेथेही मासे राखलेले आहेत. या दोन्ही ठिकाणी महासीर मासे आहेत. महासीर म्हणजे मोठ्या खवल्यांचा, जोरकस मासा. स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतो आणि एरवी सावलीलासुद्धा बुजतो. पण या डोहांत लोक खायला टाकतात, आणि हेच मासे झुंडीने काठाशी येतात. जात तीच, कान तेच. फरक एवढाच, की येथे त्यांना माणसाने मारलेले नाही.

उलटही घडते. एकदा दुखावलेला मासा लवकर विसरत नाही. आपल्या धरणांत सायप्रिनस नावाचा मासा सोडलेला आहे. हॉलंड देशात याच माशावर १९७० च्या सुमारास प्रयोग झाले. एकदा गळाला लागून सुटलेला मासा पुढे पुष्कळ काळ गळापासून दूर राहतो, असे दिसून आले. तेव्हा रोज एकाच दगडावर बसून, तेच आमिष टाकून, मासा लागत नाही म्हणून नशिबाला बोल लावू नये. जागा बदला. आमिष बदला. गांडुळाऐवजी कणकेची गोळी लावून पाहा.

आता डोळ्यांचे पाहू. येथे आपली फसगत जास्त होते. आपण काठावर मागे सरून बसतो आणि म्हणतो, "मला पाणी दिसतंय, पण डोहाचा तळ दिसत नाही. मग तळातल्या माशाला मी कसा दिसेन?" पण तो आपल्याला पाहू शकतो. त्यासाठी घरातला एक प्रयोग करा. एका पितळी वाटीत नाणे ठेवा. वाटीच्या कडेआड नाणे दिसेनासे होईल इतके मागे सरका. आता दुसऱ्याला वाटीत हळूहळू पाणी ओतायला सांगा. तुम्ही हललेला नाहीत, नाणेही हललेले नाही, पण नाणे दिसू लागते! कारण पाण्यातून हवेत येताना उजेडाची वाट वाकते. ज्या वाकड्या वाटेने नाणे तुम्हाला दिसले, त्याच वाटेने, नाण्याला डोळे असते तर, तुम्ही त्याला दिसला असता. मासा म्हणजे डोळे असलेले नाणेच समजा.

माशाला वरचे जग कसे दिसते, तेही गमतीचे आहे. त्याच्या डोक्यावर पाण्याच्या पाठीवर जणू एक गोल खिडकी असते. मासा चार हात खोल असेल तर खिडकी सुमारे नऊ हात रुंद असते. सगळे आकाश, झाडे, दोन्ही काठ त्या एका खिडकीत मावतात. खिडकीच्या बाहेर त्याला वरचे काही दिसत नाही. तेथे पाणी आरशासारखे होते आणि त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. उंच वस्तू खिडकीत ठसठशीत दिसते. जमिनीलगतची वस्तू खिडकीच्या काठाशी दाबली जाऊन बारीक चिंधीसारखी होते.

याचा आपल्याला उपयोग काय? मासा जेथे आहे तेथून वीस फुटांवर तुम्ही उभे असाल, तर त्याला स्पष्ट दिसाल. तेथेच खाली बसलात, डोके तीन-साडेतीन फुटांच्या आत ठेवलेत, तर तुम्ही त्या चिंधीत जाल. त्याला नीट कळणार नाही. म्हणून अनुभवी भोई गळ टाकताना उकिडवे बसतात. आपण त्यांना आळशी समजतो. पाठीमागे झुडूप, दरड किंवा खडक असला तर आणखी चांगले. आकाशाच्या उजेडावर माणसाची आकृती उठून दिसते; झुडपासमोर ती मिसळून जाते. अंगात पांढरे कपडे नकोत. मातकट, मळखाऊ रंगाचे असावेत.

वाऱ्याने पाण्यावर लहान लहान लाटा उठल्या की ही खिडकी फुटते. मग माशाला वरचे काही धड दिसत नाही. अशा वेळी मासा धीट होतो. पाणी आरशासारखे शांत असते त्या दिवशी आपण खूश होतो. गळवाल्याला तो दिवस कठीण.

पण माशाला सर्वात मोठी भीती सावलीची. तिचे कारण पोटात शिकवलेले आहे म्हणा ना. खंड्या वरून सूर मारतो. बगळा काठावरून चोच मारतो. घारही झडप घालते. पिढ्यान्‌पिढ्या वरून आलेली सावली म्हणजे मरण. जो मासा सावलीला भ्याला नाही तो खाल्ला गेला. जो भ्याला तो जगला, आणि त्याचीच पिले पुढे वाढली. म्हणून सावली हलली की मासा विचार करीत बसत नाही, पळतो.

तेव्हा ऊन तोंडावर घेऊन बसावे. सावली आपल्या पाठीमागे पडेल. सकाळी पूर्वेकडे तोंड, संध्याकाळी पश्चिमेकडे. आपली गोदावरी साधारणपणे पूर्वेकडे वाहते, म्हणून तिचे काठ बहुतेक ठिकाणी उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे पडतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या काठावर बसले की तोंड दक्षिणेला होते आणि सावली मागे जाते. डोळ्यांना ऊन लागते खरे. डोक्याला फडके गुंडाळून पुढे ओढून घ्यावे. काठीचीही सावली असते, हे विसरू नये. काठी वरचेवर हलवणाऱ्याला मासा कमी लागतो, त्याचे अर्धे कारण हेच. बगळ्याकडे पाहा. तो अर्धा तास एका पायावर उभा राहतो, मान हलवीत नाही. त्याला लोक ढोंगी म्हणतात. मला तर तो फार कष्टाळू वाटतो.

रोहू मासा नीट पाहिलात तर त्याच्या कुशीवर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, बारीक छिद्रांची एक रेघ दिसेल. ही रेघ नुसती नक्षी नाही. जवळच्या पाण्यात काही हलले की तिच्यातून माशाला कळते. अंधारातही कळते. म्हणून जड शिशाचा तुकडा माशाच्या डोक्यावर धबकन टाकू नये. थोडा पलीकडे टाकून हळूच ओढून आणावा.

आता वास. माशाचे नाक फार तीक्ष्ण आहे. शिंगाळा, शिवडा या मिशीवाल्या माशांना तर मिशांनीही चव कळते. हाताला तंबाखू, घासलेट, साबण लागलेला असेल तर तो आमिषाला लागतो. आधी हात ओल्या मातीने चोळून धुवावेत. याहून जास्त काही करायला नको.

मात्र वासाचीच एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती १९३८ साली उजेडात आली. कार्ल फॉन फ्रिश नावाचे शास्त्रज्ञ होते. मधमाश्या एकमेकींना फुलांचा पत्ता कसा सांगतात, हे त्यांनीच शोधले आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते लहान माशांवरही प्रयोग करीत. एक जखमी मासा पाण्यात सोडला, तेव्हा बाकीचा थवा घाबरून पांगला. त्यांनी शोध घेतला. या माशांच्या कातडीत एक द्रव्य असते. कातडी फाटली की ते पाण्यात मिसळते. त्याचा वास आला की त्याच कुळातले मासे समजतात, येथे कुणाचा तरी घात झाला आहे. रोहू, कटला, मृगळ, महासीर हे सगळे याच मोठ्या कुळातले. शिंगाळाही त्यातच येतो.

आता आपण काय करतो ते आठवा. पहिला मासा लागला की आनंदाने तेथेच दगडावर घासून खवले काढतो आणि हात-सुरी त्याच पाण्यात धुतो. किंवा लहान म्हणून गळ उपटून, ओठ फाटलेला मासा त्याच डोहात फेकतो. म्हणजे आपणच दवंडी पिटतो. मासा साफ करायचा तो घरी करावा. नदीवरच करायचा असेल तर आपल्या जागेच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या खाली जाऊन करावा. वरच्या अंगाला कधीही नाही. पाणी तो वास सरळ आपल्या गळापाशी आणील. लहान मासा सोडायचा तर हात ओले करून, कातडी न खरवडता, अलगद सोडावा. पिलू जगेल आणि वर्षा-दोन वर्षांनी मोठे होऊन पुन्हा भेटेल.

प्रत्येक वेळी मासा भ्यालाच असतो असेही नाही. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी गार पडते, तेव्हा रोहू-कटल्याची भूक मंदावते. त्या दिवसांत ऊन वर आल्यावर जावे. उन्हाळ्यात शेवाळलेल्या डबक्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. लोकांना वाटते, भुकेले आहेत. नाही, त्यांना पाण्यातली प्राणहवा पुरत नाही. असा मासा आमिषाकडे पाहणार नाही. शिवाय जागा चुकते. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. कटल्यासाठी गळ तळाला टाकून बसलात तर दिवस वाया.

मरळ या माशाबद्दल एक विनंती आहे. मरळीची पिले लहान असतात तेव्हा आई-बाप त्यांची राखण करतात. काठाजवळ बारीक पिलांचा लालसर पुंजका हलताना दिसतो आणि खाली मोठा मासा असतो. त्या वेळी तो कशालाच भीत नाही, उलट अंगावर येतो. म्हणून धरायला सोपा. पण तो धरला की सगळा पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो. एका जेवणासाठी शेकडो पिले गमावू नका.

काही जण एवढे सगळे करायला कंटाळतात आणि डोहात सुरुंगाची दारू फोडतात किंवा विष टाकतात. त्या स्फोटाने माशाची हवेची पिशवी फाटते. लहान-मोठे सगळे मरतात, आणि मेलेल्यांतले पुष्कळ तळाशी जाऊन कुजतात. हात तुटलेली माणसेही या धंद्यात पाहायला मिळतात. १८९७ सालच्या कायद्यापासून हा गुन्हा आहे. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गळ टाकण्यापूर्वी तेथे विचारावे. नांदूर-मध्यमेश्वरचे पाणी तर पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तेथे वनखात्याला विचारल्याशिवाय पाण्याकाठी जाऊच नये.

राहिला आपला पोरगा. त्याला नदीवर जरूर न्या. त्याला मागे झुडपाच्या सावलीत बसवा. उड्या मारू नको, दगड टाकू नको, पाण्याच्या कडेला उभा राहू नको, एवढे सांगा. मग खुशाल बोलू द्या. खंड्या कुठे बसला, बुडबुडे कुठे आले, हे त्याचे कोवळे डोळे तुमच्याआधी टिपतील.

पावसाळ्यात मात्र त्याला घरीच ठेवा. नवे गढूळ पाणी आले की माशाला वरचे दिसत नाही, तो काठाशी चरायला येतो, आणि गळवाल्यांची गर्दी होते. पण त्याच दिवसांत गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडतात. वर आभाळ कोरडे असले तरी खाली नदी चढते. बसल्या जागेजवळ एक काडी पाण्याच्या कडेला रोवून ठेवा आणि तिच्यावर लक्ष असू द्या. काडीशी पाणी चढू लागले, पाणी एकाएकी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर दोरा गुंडाळत बसू नका. गळ तेथेच टाका आणि वर चढा.